आभाराचे बावीस सेकंद

शहागंजात रस्त्याकडेला स्वेटरवाले बसले की मला अधिवेशन आठवतं. लोकांना हिवाळा म्हटलं की उकडलेल्या तुरीच्या शेंगा आठवतात, गच्चीवर पाठ शेकत खाल्लेले पेरू आठवतात, पहाटेची शेकोटी आठवते. मलाही आठवतात, नाही असं नाही. पण त्यांच्या मागोमाग माझ्या कानात एक घंटा वाजते, "माननीय सदस्य, आपला वेळ संपला" असं कुणीतरी म्हणतं आणि माझं डोकं फिरतं. इतका गोड ऋतू, पण माझ्यापुरता तो चार मिनिटांच्या एका भाषणानं नासवून ठेवला आहे.

काल पुन्हा अधिवेशन सुरू झालं. मी चहा घेऊन टीव्हीसमोर बसले आणि चहा निवायच्या आत सभागृह तहकूब झालं. उरलेला वेळ वाहिनीवरच्या सहा चौकटींतली सहा माणसं एकमेकांवर ओरडत होती. विषय काय होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणीतरी कुणाच्या तरी आजोबांबद्दल काहीतरी बोललं होतं आणि त्यानं म्हणे देशाचा अपमान झाला होता. देशाचा अपमान इतक्या स्वस्तात होतो हे मला अजूनही पटत नाही. अपमान कसा होतो ते मी पाहिलं आहे, आणि त्या वेळी कुणीही ओरडत नव्हतं.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात कामाला लागले. खासदार विरोधी बाकावरचे, एवढं सांगते. पक्ष कुठला, खरं नाव काय, हे विचारू नका. या गोष्टीला त्यानं काही फरक पडत नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणत. कार्यालय शहागंजात, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की निवेदन घेऊन येणारा वर चढत असेल, तर निराश होऊन उतरणाऱ्यानं वरच थांबायचं. खाली जब्बारभाईंची चहाची टपरी. मी पहिल्या दिवशी जिना चढताना त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, तुम साब का भाषण लिखते क्या?" मी हो म्हटलं. "बोलतेच हैं साब, अच्छा बोलते," ते म्हणाले आणि पातेल्यात साखर टाकत पुढे म्हणाले, "सुनते किधर?"

माझं काम असं: अधिवेशन जवळ आलं की प्रश्न तयार करायचे, टिपणं काढायची, चर्चेत भाऊंचं नाव लागलं की भाषण लिहायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, खासदार उठतो आणि मनात येईल ते बोलतो. तसं नसतं. कुठल्या पक्षाला किती वेळ, हे त्याच्या बाकांवर किती माणसं आहेत त्यावर ठरतं, आणि त्या वेळाचे पुन्हा पक्षात तुकडे पडतात. भाऊंसारख्या मागच्या बाकावरच्याला चार मिनिटं मिळाली तर दिवाळी. देशातल्या सगळ्या कामगारांविषयी चार मिनिटं. म्हणून मी यजमानांचं चावीचं घड्याळ टेबलावर ठेवून प्रत्येक भाषण मोठ्यानं वाचून बघत असे. भाऊ श्वास कुठं घेतात, कुठं हात वर करतात, याचेही सेकंद मी धरत असे. गंमत वाटायची त्या कामाची. शाळेत मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या होत्या, आता खासदाराकडून भाषण करून घेत होते.

त्या प्रत्येक भाषणाच्या डोक्यावर एक मजकूर कायम असे. तो मी लिहिलेला नव्हता, माझ्या आधीपासून तिथं होता. "आदरणीय अध्यक्ष महोदय, आपण मला या अत्यंत महत्त्वाच्या विषयावर बोलण्याची संधी दिलीत, तसेच माझ्या पक्षाच्या नेतृत्वाने माझ्यावर विश्वास दाखविला, त्याबद्दल मी आपला व नेतृत्वाचा मनःपूर्वक ऋणी आहे." भाऊंच्या गतीनं बावीस सेकंद. चार मिनिटांतले बावीस सेकंद. ज्या लोकांनी मतं देऊन तिथं पाठवलं त्यांचा त्यात उल्लेख नाही, पण संधी देणाऱ्यांचे आभार आहेत. बोलणं हा ज्याचा हक्क आहे, तो बोलायला उभा राहिला की आधी हात जोडतो. हे सगळेच करतात, दोन्ही बाजूंचे. इतकी वर्षं करतात की आता कुणाला त्याची लाजही वाटत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, अधिवेशनाच्या आधीच्या आठवड्यात, सुनंदा तो जिना चढून वर आली. मी तिला लगेच ओळखलं नाही. ती म्हणाली, "बाई, मी साळव्याची सुनंदा. पुढच्या बाकावर बसायची, खिडकीपाशी." मग ओळखलं. चिकलठाण्याजवळच्या शाळेत आठवीपर्यंत माझ्या हाताखाली होती. अक्षर टपोरं होतं तिचं. तिनं नमस्काराला हात जोडले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नसल्याचं दिसलं. तर्जनी आणि मधलं. पेन धरायची बोटं.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर ती अकरा वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखर उभी, कारण त्या मशीनला बसून काम होत नाही. अकरा वर्षांत सहा ठेकेदार झाले. दर वेळी नवं कार्ड यायचं, जुनं काढून घेतलं जायचं, आणि मशीन तेच असायचं. एका दुपारी प्रेस खाली आला आणि हात मागे आला नाही. दवाखान्यात नेणाऱ्या मुकादमानं केसपेपरवर घरगुती अपघात असं सांगून लिहून घेतलं. कंपनी म्हणाली, ही बाई आमची नाही. सहावा ठेकेदार म्हणाला, माझ्याकडं तर ती महिनाभरच होती. पहिले पाच कुठं गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कामगार न्यायालयातला वकील म्हणाला, तू तिथं होतीस असा एखादा कागद आण.

"बाई, मला दुसरं कायबी नको," सुनंदा म्हणाली. "भाऊ दिल्लीला बोलणार हायेत कामगारावर, आसं पेपरात आलं. त्यात माझं नाव घ्या म्हणावं. तिथं बोललेलं लिवून ठिवत्यात ना?"

मी म्हटलं, "शब्द न् शब्द लिहून ठेवतात."

"मग झालं. घटना आपल्याच माणसानं लिवली. तिथल्या कागदावर नाव आलं, की मी व्हते म्हून कुनी नाय म्हननार नाय."

तो कागद न्यायालयात पुरावा म्हणून टिकेल की नाही, याची मला शंका होती. खासदारानं सभागृहात नाव घेतलं म्हणून हजेरीपट सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण समोर बसलेली बाई फक्त वकिलासाठी कागद मागत नव्हती. अकरा वर्षं जिथं उभी राहिली तिथं ती नव्हतीच, असं तीन ठिकाणी लिहून झालं होतं. तिला चौथ्या ठिकाणी खरं लिहून हवं होतं. मी म्हटलं, "येईल तुझं नाव. मी लिहिते." आणि तिच्या टपोऱ्या अक्षराची आठवण काढून दोघी हसलो.

मी ते भाषण जीव लावून लिहिलं. एवढं चांगलं मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही. सुनंदा भीमराव साळवे, चिकलठाणा, अकरा वर्षं, सहा कार्डं, एक मशीन. भाऊंनी दिल्लीला निघण्याआधी वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. ते ढोंग नव्हतं; भाऊ मनानं वाईट माणूस नाही. "बाई, लई आतून लिहिलंय," म्हणाले. "हे मी बोलणारच." मग दिल्लीहून त्यांच्या सहायकाचा फोन आला. चारची तीन मिनिटं झाली होती. "मॅडम, थोडा टाइट कर दीजिए." मी लाल पेन काढलं, घड्याळ समोर ठेवलं आणि कापाकापी केली. तासाभरात बरोबर तीन मिनिटांत बसवलं आणि पाठवून दिलं.

चर्चेच्या दिवशी सुनंदाच्या वस्तीवरच्या विहारात टीव्ही लावला होता. सहा डिसेंबर होऊन दोनच दिवस झाले होते, मंडपाचं पांढरं कापड अजून उतरवलं नव्हतं. बायका सकाळची कामं उरकून आल्या होत्या. कुणीतरी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून आणल्या होत्या आणि सगळ्यांच्या हातात त्यांचा वाफाळता ओलावा होता. सुनंदा पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून बसली होती. तिची सासू मला म्हणाली, "कवा यील वो हिचं?" मी म्हटलं, आभार झाले की लगेच दुसऱ्या परिच्छेदात.

त्या दिवशी सकाळी सत्तेच्या बाकावरचं कुणीतरी विरोधकांच्या कुण्या नेत्याबद्दल काहीतरी बोललं होतं. काय बोललं होतं ते मला आता आठवत नाही, आणि तुम्हालाही आठवणार नाही. पण त्या दिवशी सगळ्या देशाला दुसरं काही सुचत नव्हतं. दुपारी भाऊंचं नाव पुकारलं. भाऊ उठले. बावीस सेकंद आभार मानले. माझ्या शेजारी एका बाईनं शेंग सोलायची थांबवली. मग भाऊंनी हातातला कागद खाली ठेवला, कोटाचं बटण लावलं आणि सकाळच्या अपमानाला उत्तर द्यायला सुरुवात केली.

काय बोलले म्हणून सांगू. आवाज चढला, हात वर गेला, एक शेर झाला, समोरून आरडाओरडा झाला, त्याला त्यांनी आणखी एक टोमणा मारला. मागच्या बाकांवर टेबलं वाजली. अध्यक्षांच्या आसनावरून घंटा झाली. भाऊ म्हणाले, "महोदय, मी आता मूळ विषयावर येतो." तेवढ्यात माईक बंद झाला. पडद्यावर त्यांचे ओठ हलत होते, हातात कागद पुन्हा आला होता, आणि आवाज पुढच्या सदस्याचा येऊ लागला होता. तो पुढचा सदस्यही आभारच मानत होता.

सुनंदानं मला विचारलं, "बाई, माझं आता यायचंय का?"

संध्याकाळपर्यंत त्या शेराची चित्रफीत गावभर फिरली. भाऊंनी धुतलं, भाऊंनी बोलती बंद केली, असा वाघ पाहिजे. माझ्या पुतण्यानं मला तीच चित्रफीत पाठवली, वर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. शहागंजात दोन ठिकाणी फटाके वाजले. जब्बारभाईंनी मला फुकट चहा पाजला, मी तो प्यायले नाही. मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता, आणि तो राग मी पुढे किती तरी वर्षं नीट जपून वापरला. सत्तेत बसलेल्यांचा, कारण त्यांना चर्चा नकोच असते. सकाळी एक दगड मारायचा, दिवसभर समोरचे दगडच वेचत बसतात आणि कायदा संध्याकाळी हात वर करून मंजूर होतो. विरोधकांचा, कारण हे त्यांना कळतं आणि तरी ते रोज दगड वेचायला वाकतात. विरोधी खासदाराला सरकार पाडता येत नाही, कायदा बदलता येत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे ज्याचं कुणी ऐकत नाही त्याचं म्हणणं त्या भिंतींच्या आत मोठ्यानं सांगणं. तेवढ्यासाठी दिलेली तीन मिनिटं त्यानं टाळ्यांसाठी उडवली. आणि आपला, म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्यांचा. सुनंदाच्या बोटांवर बोलले असते तर ती चित्रफीत कुणी पुढे पाठवली असती का? माझ्या पुतण्यानं तरी नाही.

भाऊंना मी फोनवर नको ते बोलले. निवृत्त बाईला काढून काय टाकतील, म्हणून बोलले. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बाई, समोरून तसं आल्यावर गप्प बसलो असतो, तर इकडं तोंड दाखवता आलं नसतं मला. तुम्ही राजकारण नाय बघितलं." मी म्हटलं, मी सुनंदाचं तोंड बघितलंय. आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी दिल्लीच्या सहायकाचा फोन आला. "मॅडम, नाराज मत होइए. सर ने पूरा भाषण पटल पर रख दिया था." मला आधी कळेना. मग त्यानं समजावलं. वेळ संपला की सदस्याला आपलं लिखित भाषण परवानगीनं पटलावर ठेवता येतं. मग ते कुणी ऐकलेलं नसलं तरी कामकाजाच्या छापील नोंदीत जातं. भाऊ त्या गदारोळात, माईक बंद झाल्यावर, पुढे जाऊन माझा कागद देऊन आले होते. मला त्यांनी ते सांगितलंही नव्हतं. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्ट नसावी.

मला रडू आलं. आनंदाचंच होतं. नोंद संगणकावर आल्याचं कळताच मी टीव्ही सेंटर चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तिची छापील प्रत काढली, माझा मूळ कच्चा मसुदा आणि ती प्रत अशी दोन्ही एका पुठ्ठ्याच्या फाईलीत घातली आणि रिक्षा करून चिकलठाण्याला गेले. सकाळची वेळ होती. सुनंदा दारात उन्हाला बसून डाव्या हातानं मेथी निवडत होती. मी लांबूनच म्हटलं, "आलं बघ. दिल्लीच्या कागदावर आलं."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि कागद मांडीवर घेतला. डाव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून ती वाचू लागली, शाळेत वाचायची तशीच, ओठ हलवत. एकदा वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मी शेजारी बसून तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यासारखी.

"बाई, ह्यात मी कुठंय?"

मी बोट ठेवलं. "ही काय. ‘मराठवाड्यातील एका कारखान्यात अकरा वर्षे काम करणारी एक महिला कामगार.'"

"एक महिला कामगार."

"तूच की ती."

"मीच कशावरनं?" तिचा आवाज चढला नव्हता. "एक महिला तर कुनीबी आसंल. कंपनी तरी दुसरं काय म्हनती, बाई? हीच म्हनती. कुनीतरी बाई आसंल, आमची नाय."

मेथीच्या जुडीवर माशी बसली होती, ती मी उगाच हाकलली. मग म्हटलं, "दिल्लीवाल्यांनी कापलं असेल. तिथं नावं घेऊ देत नाहीत." आणि फाईल तशीच तिच्याजवळ ठेवून, चहाला नाही म्हणून, निघाले.

दिल्लीवाल्यांनी काही कापलं नव्हतं.

चारची तीन मिनिटं झाली त्या दुपारी घड्याळ समोर ठेवून बसलेली मी होते. आकडे कापले, एक परिच्छेद कापला, तरी थोडं उरत होतं. मग मी सुनंदा भीमराव साळवे या नावावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, एक महिला कामगार. चिकलठाणाही काढलं, त्याच्या जागी मराठवाडा घातलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट लिखाण व्यापक झालं असं वाटलं. राष्ट्रीय चर्चेत एका बाईचं नाव कशाला, प्रश्न सगळ्यांचा आहे, असं मी स्वतःला समजावलंही. आणि डोक्यावरच्या बावीस सेकंदांच्या आभारांना मी हातसुद्धा लावला नाही. ते कापता येतात हे माझ्या मनातच आलं नाही. आभार राहिले, नाव गेलं.

भाऊंनी निदान तो कागद सभागृहात न वाचता का होईना पटलावर ठेवला. त्यात नाव असतं तर ते आज तिथं असतं. माईक बंद करणाऱ्यानं ते खोडलं नसतं, टेबलं वाजवणाऱ्यांनी खोडलं नसतं. ज्यांच्यावर मी वर्षानुवर्षं चरफडत होते त्यातल्या एकाचाही हात त्या नावाला लागला नव्हता.

आमचं गाव लासूर स्टेशनच्या पलीकडं. तिथं आमच्या शेतात खुरपणीला बाया यायच्या. वर्षानुवर्षं त्याच यायच्या. आमच्या घरात त्यांची नावं कुणी घेत नसे. "आज वस्तीवरच्या चार आल्या," असं आई सांगायची, आणि वडील मान हलवायचे. लहानपणी मला ते खटकलं नाही. शिकले, शिक्षिका झाले, तेव्हा खटकायला लागलं. वर्गात प्रत्येकाला नावानंच हाक मारायची, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. त्याचा मला अभिमान होता. तीस वर्षं हजेरी घेतली, एकाही मुलाला नंबरानं पुकारलं नाही. आणि जिथं एकदाच नाव घ्यायचं होतं, तिथं माझ्या हातानं आईचंच वाक्य लिहिलं. संतापायचं तर आधी याच हातावर संतापायला हवं होतं. पण त्याला मला चार हिवाळे लागले. दुसऱ्यांवर चिडण्यात इतकं सुख असतं की माणसाला स्वतःकडं बघायला सवडच होत नाही.

गेल्या आठवड्यात भाऊंचा फोन आला. अजून विरोधी बाकावरच आहेत, फक्त दोन रांगा पुढे सरकलेत. "बाई, कंत्राटी कामगारांवर पुन्हा चर्चा लागणार आहे. चार मिनिटं मिळतायत. तुम्ही लिहाल का? त्या वेळचं राहून गेलं, माझ्या डोक्यात आहे ते." मी उद्या सांगते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिकलठाण्याला गेले.

सुनंदा आता कंपन्यांमधल्या बाहेरगावच्या मुलांना जेवणाचे डबे देते. न्यायालयात तारखा चालूच आहेत. घरात भाकरीचा वास भरला होता. सासूनं पाट दिला. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, नाहीतर धीर राहिला नसता. म्हटलं, "सुनंदा, तुझं नाव दिल्लीत नाही कापलं. मी कापलं होतं."

ती भाकरी थापत होती. आठ बोटांनी ती आता आमच्यापेक्षा गोल भाकरी करते. तव्यावर टाकून, पाणी फिरवून ती म्हणाली, "म्हायतीय."

"कसं?"

"फाईल ठिवून गेला व्हता ना. त्यात तुमच्या हातचा कागद बी व्हता. आठवीपस्तोर माझ्या वहीत तुमची लाल रेघ बघितली, बाई. वळखू येणार नाय व्हय मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दिल्लीवाल्याचं नाव घितलं. म्हनलं, बाईला बी कुनाचं तरी नाव घ्यावंच लागलं." तिनं भाकरी उलटली. "लई राग आला व्हता. खोटं कशाला बोलू. महिनाभर तुमच्या गल्लीतनं गेले नाय मी."

मला तिथून उठावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. शेवटी मी भाऊंच्या फोनचं सांगितलं. पुन्हा चर्चा आहे, तू म्हणशील तर लिहिते, नाही म्हणशील तर भाऊंना नाही म्हणून कळवते. माझं म्हणणं ऐकून घेईपर्यंत तिनं आणखी एक भाकरी टाकली.

"लिवा की," ती म्हणाली. "पन ह्या बारीला माझं नाव पयल्या वळीत घ्या. मधी नाय. मधलं कापत्यात."

घरी आले आणि कागद घेतला. पहिली ओळ लिहायला मला अर्धा दिवस लागला, कारण तिथं आधीच कुणीतरी बसलेलं होतं. आदरणीय अध्यक्ष महोदय, आपण मला संधी दिलीत. मी ते अख्खं वाक्य काढून टाकलं. लाल पेन मुद्दाम घेतलं नाही, निळ्यानंच काढलं.

संध्याकाळी भाऊंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी पहिली ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "बाई, आभार कुठं गेले?"

"शेवटी ठेवलेत. वेळ उरला तर माना."

"तसं करत नाहीत कुणी."

"माहीत आहे. आणि समोरून काही आलं तर उत्तर द्या, माझी ना नाही. पण आधी पहिली ओळ वाचायची. ती वाचून झाल्याशिवाय कोटाचं बटण लावायचं नाही."

ते हसले नाहीत. "बरं," म्हणाले. हे "बरं" किती धरायचं ते मला आता कळतं, म्हणून विहारात टीव्ही लावा असं मी या वेळी कुणाला सांगितलेलं नाही. पण माईक चालू असताना जे पहिलं निघायचं ते नाव आहे, आणि बंद झाल्यावर जो कागद पटलावर जायचा त्यातही ते आहे. माझ्या हातात होतं तेवढं मी या खेपेला कापलेलं नाही.

फोन ठेवल्यावर यजमानांच्या घड्याळाला चावी दिली, टेबलावर ठेवलं आणि भाऊंच्या गतीनं, श्वास धरून, मोठ्यानं वाचून बघितलं. सुनंदा भीमराव साळवे, चिकलठाणा. त्या वर्षी हे मी मोजलंच नव्हतं. तीन सेकंद लागतात.